नळी उघडली की नळी काढली?

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसा. "नळीत राह्यलं होतं, ऑपरेशन झालं," एवढंच कानावर येतं. म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला होता. कोणतं ऑपरेशन, ते बाईलाही माहीत नसतं अन् तिच्या सासूलाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र ते लिहिलेलं असतं.

शब्दाच्या शेवटी 'स्टॉमी' असेल, म्हणजे सॅल्पिंगोस्टॉमी, तर गर्भनलिकेला एक-दीड सेंटिमीटरची चीर देऊन आतला गर्भ काढला. चीर बहुधा टाक्यांविनाच भरते आणि नळी जागेवर राहते. शेवटी 'जेक्टॉमी' असेल, तर ती नळीच काढली. दोन्हींत गर्भाशय आणि अंडाशय शाबूत राहतात, पाळी येत राहते. आणि एक नळी काढणं म्हणजे नसबंदी नव्हे. तिच्यात दोन्ही नळ्या बंद करतात.

"नळी वाचवा, म्हणजे मूल होईल" हा आग्रह साहजिक आहे. पण नेहमीच बरोबर नाही. 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 446 बायकांवरचा अभ्यास आला. सगळ्यांची दुसरी नळी चांगली दिसत होती. 36 महिन्यांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण नळी वाचवलेल्यांत 60.7 टक्के, काढलेल्यांत 56.2. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. एक नळी गेली तरी मूल राहतं, कारण उरलेली नळी कधीकधी पलीकडच्या अंडाशयातलं बीजही उचलते.

वाचवलेल्या नळीची किंमतही असते. त्याच अभ्यासात गर्भाच्या पेशी आत उरून वाढत राहण्याचं प्रमाण 7 टक्के होतं. नळी काढलेल्यांत एकाहून कमी. म्हणून नळी वाचवल्यावर बीटा एचसीजी, म्हणजे गर्भामुळे रक्तात येणारं संप्रेरक, उतरेपर्यंत दर आठवड्याला तपासणीसाठी रक्त द्यावं लागतं. नागपुरातल्या बाईला ते जमतं. दूरच्या भामरागडहून आलेलीला हा हिशेब ऑपरेशनआधी सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी नळी खराब असेल किंवा आधीच काढलेली असेल, तेव्हा मात्र चीर देऊन नळी राखण्यात खरा अर्थ आहे. नळी फुटून पोटात रक्त साचलं असेल, तर सहसा ती काढतातच. तिथे जीव आधी.

पुढच्या भेटीत म्हणूनच "नळी का काढली?" याच्याआधी "दुसरी नळी कशी दिसली?" हे विचारा, आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या.