तापाबरोबर शूही मोजा

ऑगस्टात ठाण्यातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञांकडे आयांना तापाचे आकडे तोंडपाठ असतात. रात्री १०३, पहाटे घाम येऊन उतरला, दुपारी पुन्हा हुडहुडी. मूल शेवटचं शूला कधी गेलं, हे मात्र विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. हिवतापात ते तापाइतकंच महत्त्वाचं आहे.

घोडबंदर रोडच्या बांधकामांवर साचलेलं पाणी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या इथे ॲनॉफिलीस स्टीफन्सी डास वाढतो. त्याची मादी चावली की परजीवी आधी यकृतात वाढतात, मग तांबड्या पेशींत शिरतात. या परजीवींच्या फॅल्सिपेरम या घातक जातीने ग्रासलेल्या पेशी चिकट होऊन केशवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात, आणि मूत्रपिंड म्हणजे तर केशवाहिन्यांचं जाळंच! शिवाय पेशी फुटून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन तिथल्या सूक्ष्म नलिकांना इजा करतं. ते फार झालं तर लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेलं असतं, ते वेगळंच. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीला पूर्वी सौम्य म्हणत, पण त्यातही मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी भारतात आहेत.

मला खरी काळजी वाटते ती रिपोर्टची. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूत्रपिंडामुळे हिवताप गंभीर ठरायला रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) ३ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर, किंवा युरिया खूप वाढलेला लागतो. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि तीन वर्षांच्या पोराच्या अंगात स्नायू ते किती असणार? त्याचं साधारण ०.३-०.४ असतं. ते ०.९ झालं तर मोठ्यांच्या हिशेबाने नॉर्मल, त्याच्यासाठी मात्र दुपटीहून जास्त. युगांडात गंभीर हिवताप झालेल्या मुलांच्या अभ्यासांत मूत्रपिंडाला अशी इजा वारंवार आढळली. त्या मुलांत पुढे मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि बौद्धिक वाढीतल्या अडचणीही जास्त दिसल्या.

घरी काय बघायचं? १२ किलोच्या मुलाला १२ तासांत ७२ मिलीपेक्षा, म्हणजे चहाच्या जेमतेम अर्ध्या कपापेक्षा, कमी लघवी झाली तर थांबू नये. डायपर कोरडा राहतोय, रंग गडद झालाय, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. आणि तापावर आयबुप्रोफेन मनाने देऊ नये; पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्याने आणखी घटतो.

ताप उतरला, मूल खेळायला लागलं की फाइल कपाटात जाते. क्रिएटिनिन वाढलं होतं असं त्या फाइलीत असेल, तर तीन महिन्यांनी ती पुन्हा बाहेर काढून तपासणी करून घ्यावी.