कटऑफच्या अलीकडे आणि पलीकडे

२०२३ साली अमेरिकेत केवळ हायस्कूल पूर्ण करून पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांची मध्यक साप्ताहिक कमाई ८९९ डॉलर होती, तर पदवीधरांची १,४९३ डॉलर. तेथील कामगार सांख्यिकी विभाग असे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि पदवीमुळे कमाई दोन तृतीयांशाने वाढते, असा निष्कर्ष त्यांतून सर्रास काढला जातो. आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. कॉलेजात जाणारी मुले आणि न जाणारी मुले मुळातच वेगळी असतात. त्यांचे गुण, घरची सांपत्तिक स्थिती, आईवडिलांचे शिक्षण, शाळेचा दर्जा हे सारे आधीपासूनच भिन्न असते. त्यामुळे त्या फरकातला किती वाटा पदवीचा आणि किती या आधीच्या परिस्थितीचा, हे नुसत्या तुलनेने कळत नाही.

कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, ग्रामीण, अल्प उत्पन्न गटातील आणि घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्यांचा हायस्कूल ते कॉलेज आणि कॉलेज ते नोकरी हा प्रवास अभ्यासणाऱ्या संशोधकांपुढे हीच मुख्य अडचण असते. उत्पन्न आणि गुण मोजता येतात, म्हणून समान उत्पन्नाची आणि समान गुणांची मुले निवडून त्यांची तुलना करता येते. परंतु जिद्द, घरातून मिळणारा आधार, एखाद्या शिक्षकाने योग्य वेळी दिलेला सल्ला, या गोष्टी कोणत्याच रकान्यात नोंदलेल्या नसतात. बोटांच्या ठशांवरून किंवा जन्मवेळेवरून मुलाचा कल सांगून करिअर सुचवणारे लोक या अदृश्य गोष्टी आपल्याला दिसतात असा दावा करतात. त्या दाव्याला कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही आणि कोवळ्या वयातल्या मुलांच्या निर्णयांवर असा धंदा चालावा, हे मला चिंताजनक वाटते. संशोधक याच्या उलट वाटेने जातात. त्या गोष्टी मोजता येत नाहीत हे ते आधीच मान्य करतात आणि न मोजताही त्यांचा प्रभाव बाजूला पडेल अशी तुलना शोधतात.

अशा तुलनांपैकी मला सर्वांत सुंदर वाटते ती कटऑफवर आधारलेली पद्धत, जिला सांख्यिकीत रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात. डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली ती प्रथम मांडली. अमेरिकेतील एका राष्ट्रीय गुणवत्ता परीक्षेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांना प्रशस्तिपत्र मिळत असे, आणि त्या प्रशस्तिपत्राचा पुढील शिष्यवृत्त्यांवर व करिअरच्या बेतांवर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची युक्ती अशी. कटऑफपेक्षा खूप वरचा विद्यार्थी आणि खूप खालचा विद्यार्थी यांची तुलना निरर्थक आहे. परंतु कटऑफला जेमतेम पोहोचलेला आणि जेमतेम चुकलेला यांच्यात क्षमतेचा, जिद्दीचा किंवा घरच्या परिस्थितीचा फरक जवळजवळ नसतो. एखादा प्रश्न घाईत चुकणे किंवा परीक्षेच्या दिवशी डोके दुखणे एवढ्यानेही बाजू बदलू शकते. म्हणजे त्या रेषेच्या अगदी जवळ नशिबानेच चिठ्ठ्या टाकलेल्या असतात. आता आडव्या अक्षावर गुण आणि उभ्या अक्षावर पुढील आयुष्यातील कमाई घेऊन आलेख काढला, तर गुणांबरोबर कमाई हळूहळू बदलताना दिसेल. नेमक्या कटऑफवर रेषा तुटून एकदम वर सरकली, तर त्या उडीचे कारण कटऑफमुळे मिळालेली संधी हेच असू शकते, कारण त्या बिंदूवर दुसरे काहीही एकाएकी बदललेले नसते.

सेथ झिमरमन या अर्थशास्त्रज्ञाने ही पद्धत फ्लोरिडातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशाला लावली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे गुण किमान पात्रतेच्या आसपास आहेत, म्हणजे ज्यांना 'कॉलेज झेपणार नाही' असे सहज म्हटले जाते, असे हे विद्यार्थी होते. प्रवेश मिळाल्यामुळे त्यांची कमाई हायस्कूलनंतरच्या आठव्या ते चौदाव्या वर्षांत २२ टक्क्यांनी जास्त भरली आणि हा लाभ मुलग्यांमध्ये व शाळेत मोफत जेवणास पात्र असलेल्या गरीब विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक होता.

येथे थोडा गणिताचा भाग येतो. कटऑफच्या वरचे सगळे कॉलेजात जात नाहीत आणि खालचे सगळे बाहेर राहत नाहीत, कारण काही जण दुसरीकडे प्रवेश घेतात. समजा, कटऑफ ओलांडताच कॉलेजात जाणाऱ्यांचे प्रमाण ४० वरून ६० टक्के झाले आणि सरासरी वार्षिक कमाई १,००० डॉलरने वाढली. ही सगळी वाढ त्या जास्तीच्या २० टक्क्यांमुळेच झालेली असल्याने १,००० ला ०.२ ने भागावे लागते, म्हणजे कटऑफमुळे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाचा लाभ ५,००० डॉलर ठरतो. दुसरा प्रश्न रुंदीचा. रेषेच्या दोन्ही बाजूंचा किती पट्टा घ्यायचा? अरुंद घेतला तर विद्यार्थी थोडे उरतात आणि उत्तर डळमळते. रुंद घेतला तर भिन्न कुवतीचे विद्यार्थी त्यात शिरतात आणि उत्तर एका बाजूला झुकते. तिसरी तपासणी गर्दीची. विद्यार्थी स्वतःचे गुण कटऑफच्या वर नेऊ शकत असतील, तर रेषेच्या लगेच वर अनैसर्गिक गर्दी आणि लगेच खाली पोकळी दिसते, आणि मग नशिबाच्या चिठ्ठ्यांचा आधारच ढासळतो. ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेतील कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत १,००० सारख्या पूर्ण शतकाच्या थोडेच खाली राहिलेले विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसण्याची शक्यता अधिक असते, असे आढळले आहे. म्हणून अशा अभ्यासात पहिल्या प्रयत्नाचे गुण धरणे सुरक्षित ठरते.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या बलस्थानातच आहे. कटऑफच्या जवळच्यांबद्दल ती भरवशाने बोलते, दूरच्यांबद्दल मौन पाळते. शिवाय पुष्कळसे विद्यार्थी कटऑफवर अडखळत नाहीत; ते कागदपत्रांत अडकतात. तेथे संशोधक स्वतःच चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे कोणाला मदत द्यायची हे सोडतीने ठरवतात.

२००८ साली ओहायोत आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे असा एक प्रयोग झाला. अल्प व मध्यम उत्पन्नाची कुटुंबे एच अँड आर ब्लॉक या कंपनीच्या कार्यालयात प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून घेण्यास येत. केंद्र सरकारच्या शैक्षणिक अर्थसाहाय्याच्या अर्जात तेव्हा शंभराहून अधिक प्रश्न असत, पण त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे कर भरण्यासाठी दिलेल्या माहितीत आधीच होती. संगणकाने ती अर्जात उतरवायची, उरलेले प्रश्न कर्मचाऱ्याने त्याच टेबलावर विचारायचे आणि किती मदत मिळेल याचा अंदाज दाखवायचा, एवढेच ठरले. काम साधारण दहा मिनिटांचे होते. दुसऱ्या गटाला नुसता अंदाज आणि माहिती दिली, अर्जात मदत केली नाही. मदत मिळालेल्या कुटुंबांतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी पुढील तीन वर्षांत दोन वर्षे कॉलेज पूर्ण केलेल्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही. जागृतीच्या मोहिमांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा निकाल नीट वाचावा, असे मला मनापासून वाटते.

प्रवेश निश्चित झाल्यावरही गळती थांबत नाही. कॉलेजात जायचे ठरवलेल्यांपैकी १० ते ४० टक्के विद्यार्थी हायस्कूल संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातच गळतात, असे बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी दाखवले. शुल्काचा हप्ता, अंतिम गुणपत्रिका, कर्जाच्या करारावरील सही, आरोग्य विम्याचा अर्ज ही कामे नेमकी तेव्हा येतात, जेव्हा शाळेचा समुपदेशक उपलब्ध नसतो आणि कॉलेजचा सल्लागार अजून भेटलेला नसतो. दर विद्यार्थ्यामागे सुमारे ७ डॉलर खर्चून मोबाइलवर पाठवलेल्या आठवणीच्या संदेशांनी काही शहरांत ही गळती कमी झाली आणि लगेच अशा संदेशांचा मोठा गाजावाजा झाला. पुढे ८ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर अर्थसाहाय्याच्या अर्जाविषयी तशाच सूचनांचा प्रयोग केला, तेव्हा कॉलेजप्रवेशावर काहीच परिणाम आढळला नाही. सुरुवातीच्या संदेशांना उत्तर दिले की पलीकडे त्याच भागातला समुपदेशक असे. माझ्या मते फरक तेथे पडला.

नोकरीकडे जाणाऱ्या वाटेवरचा भक्कम पुरावा करिअर अकॅडमींचा आहे. हायस्कूलच्या आतच आरोग्यसेवा, वित्त, इलेक्ट्रॉनिक्स अशा एखाद्या क्षेत्राभोवती बांधलेला अभ्यासक्रम आणि स्थानिक उद्योगांतील कामाचा अनुभव असे त्यांचे स्वरूप. एमडीआरसी या संशोधन संस्थेने १९९३ साली त्यांचा अभ्यास सुरू केला, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त असल्याने प्रवेश सोडतीने दिले गेले. यातले बहुसंख्य विद्यार्थी हिस्पॅनिक किंवा कृष्णवर्णीय होते. अकॅडमीत गेलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी हायस्कूल किंवा समकक्ष परीक्षा पूर्ण केली, सुमारे निम्म्यांनी पुढचे एखादे प्रमाणपत्र वा पदवी मिळवली, आणि सोडतीत वगळलेल्यांचे आकडेही जवळपास तेच होते. तुलनेसाठी हा वगळलेल्यांचा गट नसता, तर हे सारे यश अकॅडमीच्या नावावर जमा झाले असते. कमाईत मात्र फरक पडला: हायस्कूलनंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीत गेलेल्यांनी दरवर्षी सरासरी ११ टक्के जास्त कमावले. हा लाभ मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये एकवटलेला होता. मुलींच्या कमाईत तसा ठोस फरक सापडला नाही.