टीआयआरच्या निळ्या पाटीचा दरारा

सत्तरच्या दशकात युरोपातून इराण किंवा सौदीकडे ट्रक नेणाऱ्यांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘टीआयआर’ (सीलबंद माल वाटेतल्या देशांत शुल्क न भरता ट्रकने नेऊ देणारा आंतरराष्ट्रीय करार) लिहिलेली पाटी लावली की कुठलाही नाका ट्रक अडवत नसे. तस्करांची तर चंगळच, म्हणे!

पाटी म्हणजे परवाना नव्हेच. खरा जोर कागदांच्या पुस्तिकेचा, म्हणजे ‘कार्ने’चा. माल जिथून निघे तिथले कस्टम तो तपासून सील ठोके. ताडपत्रीच्या कड्यांतून एकच अखंड दोर ओवलेला असे आणि त्याची टोके त्या सीलमध्ये अडकवलेली. दोर कापल्याशिवाय किंवा सील फोडल्याशिवाय आत हात घालणे अशक्य. पुढच्या नाक्यावर सील शाबूत दिसले की पुस्तिकेतले पान फाडून घेत, शिक्का मारत. संशय आला तर मात्र ट्रक उघडला जाईच. मग नवे सील आणि पुस्तिकेत तशी नोंद. वाटेत माल गायब झाला तर शुल्काची हमी वाहतूकदारांच्या संघटनेने दिलेली असे, म्हणून तर देश विश्वास ठेवत.

चालकाचा व्हिसा, रस्त्याचा परवाना, बल्गेरिया-तुर्कस्तान सीमेवरच्या कापिकुलेची लांबलचक रांग, यांतले काहीही पाटीने टळत नसे. शिवाय सौदी तेव्हा करारात नव्हताच. तो आला 2018 मध्ये. भारत सामील झाला त्याच्या आदल्या वर्षी.