चाकणचा कंटेनर न्हावा शेवाला का थांबतो?

पुण्याला समुद्र नाही, ही पुणेकराने फारशी कुरकुर न करता मान्य केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. बंदर मात्र पुण्याला आहे. उरण तालुक्यातलं न्हावा शेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांचा परदेशी व्यापार आज मुख्यतः त्याच्याच भरवशावर चालतो. २०२४-२५ मध्ये इथून सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. हा आकडा वीस फुटी कंटेनरच्या हिशेबातला आहे. चाळीस फुटी असेल तर तो दोन धरतात. म्हणजे रोजचे वीस हजार.

बंदर म्हटलं की आपल्याला अवाढव्य क्रेन आठवतात. खरं तर क्रेनचं काम त्यातल्या त्यात सरळ. प्रत्येक कंटेनरच्या आठही कोपऱ्यांवर ठरावीक मापाचे पोलादी ठोकळे असतात आणि त्यांना लांबट भोकं. क्रेनला टांगलेली चौकट, म्हणजे स्प्रेडर, वरून खाली येते, वरच्या चार भोकांत चार खुंट्या शिरतात, पाव फेरा फिरून अडकतात आणि तीस टनांपर्यंतचा कंटेनर उचलला जातो. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही. एक क्रेन तासाला साधारण २५ ते ३० कंटेनर चढवते-उतरवते. एका जहाजाला चार क्रेन लावल्या तर तासाला शंभरच्या पुढे, आणि दोन हजार कंटेनर एका दिवसात जमिनीवर.

पंचाईत पुढे आहे. चाळीस फुटी कंटेनरला एक ट्रेलर लागतो. दोन हजार ट्रेलर एकामागे एक उभे केले आणि मधल्या अंतरासकट प्रत्येकाला वीस मीटर धरले, तर रांग चाळीस किलोमीटरची होते. बंदराच्या गेटपासून निघून ती पळस्पे फाटा ओलांडून एक्स्प्रेसवेवर येईल. जहाज माल एकरकमी देतं, जमीन तो हप्त्याहप्त्याने उचलते. या दोन चालींचा मेळ बसेपर्यंत कंटेनर जिथे ठेवायचे ती जागा म्हणजे यार्ड. माझ्या मते बंदराची खरी अक्कल क्रेनमध्ये नसून या यार्डात आहे.

यार्डात कंटेनर एकमेकांवर रचतात, चार-पाच थर. लग्नघरातल्या गाद्यांच्या चळतीसारखंच हे: वरची सहज निघते, खालची हवी असेल तर वरच्या सगळ्या बाजूला ठेवाव्या लागतात. पाच थरांच्या चळतीतला कुठलाही एक कंटेनर मागितला, तर त्याच्यावर शून्य ते चार यांपैकी कितीही असू शकतात, सरासरी दोन. म्हणजे एक द्यायला तीन उचला, आणि त्यातल्या दोन उचलण्यांचे पैसे कोणी देत नाही. तीन थर ठेवले तर सरासरी एकच हलवावा लागतो, पण तेवढ्याच मालाला जागा जवळपास पावणेदोन पट लागते.

निर्यातीच्या कंटेनरचा क्रम आधी ठरवता येतो. जहाजात जड कंटेनर तळाशी आणि आधी उतरणारे वर, असा आराखडा तयार असतो आणि यार्डात रचताना तोच डोळ्यांसमोर ठेवतात. आयातीचं तसं नाही. कोणाचा कस्टम्सचा कागद आधी सुटेल आणि कोणाचा ट्रेलर आधी दारात येईल, हे जहाज रिकामं होताना कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून ट्रेलरने येण्याची वेळ आधी कळवली, तर बंदराला मोठा दिलासा मिळतो. निवांत वेळेत तो कंटेनर वरच्या थरावर आणून ठेवता येतो.

मग जागाच वाढवा की, असं वाटेल. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. मिठागरं आणि भातशेती करणाऱ्या आगरी-कोळी गावांकडून ती घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. यार्डातला एकेक मीटर महाग आहे तो नुसता बाजारभावाने नव्हे.

जागा मोकळी ठेवायचे मार्ग म्हणूनच कागदोपत्री आहेत. एरवी आयातीचा कंटेनर बंदरातून आसपासच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात जातो आणि तपासणी, सुटका तिथे होते. ज्यांना थेट बंदरातून उचलायची परवानगी आहे त्यांचा हा मधला मुक्काम वाचतो. निर्यातीला सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटाने, कागद पूर्ण करून फॉर्म १३ हा बंदरात शिरायचा परवाना काढायचा, कंटेनर वजनासकट नोंदवायचा आणि जहाजाच्या कट-ऑफच्या, म्हणजे माल घेण्याच्या शेवटच्या मुदतीच्या आत गेट-इन करायचं, म्हणजे तो गेटातून आत आणायचा. कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर.

गेटवर कॅमेरे कंटेनरचा नंबर वाचतात. चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. या शेवटच्या आकड्यात एक गंमत आहे. नमुन्यासाठी नेहमी दिला जाणारा नंबर घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. प्रत्येक अक्षराला किंमत ठरलेली आहे: सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. पहिल्या किमतीला १ ने गुणायचं, दुसरीला २ ने, मग ४, ८, १६ असं दुप्पट करत दहाव्या आकड्याला ५१२ ने. सगळ्याची बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३. वाचताना एखादा आकडा चुकला तर बाकी सहसा जुळत नाही आणि गेटवरच चूक कळते. पुढच्या वेळी घाटात अडकलात तर समोरच्या ट्रेलरवर हा हिशेब करून बघा, वेळ जातो.

घाटाचा विषय निघालाच आहे तर तिथेही एक गणित आहे. चाकणहून भरून निघालेला चाळीस टनांचा ट्रेलर लोणावळ्याहून खोपोलीला उतरतो तेव्हा सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. या उतरण्यात सुटणारी ऊर्जा होते साधारण ६० युनिट. ती कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली आणि सगळ्या चाकांचे ड्रम मिळून अर्धा टन लोखंड धरलं, तर हिशेबाने ते नऊशे अंशांच्या पुढे तापेल. वाऱ्याने थोडं थंड होतं, पण त्याच्या कितीतरी आधीच ब्रेक पकडेनासे होतात. म्हणून जाणता चालक चढताना लागतो त्याच खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि ही ऊर्जा इंजिनाला खायला लावतो. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारा मात्र सगळा भार ब्रेकवर घेतो. घाटात येणारा जळका वास बहुतेकदा त्याचाच.

मग रेल्वेने का नाही? बंदरातून सुटणारी एक गाडी ४५ वॅगनवर ९० वीस फुटी कंटेनर नेते. दादरीपर्यंतचा १५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग तर एकावर एक दोन थर नेता येतील असाच आखला आहे. दिल्लीकडच्या मालाला हे परवडतं. पुणं जवळ आहे, हीच पुण्याची अडचण. सव्वाशे किलोमीटरसाठी कारखान्यातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून वॅगनवर, पुन्हा बंदरात खाली, अशी चढउतार केली की वाचलेलं भाडं तिथेच संपतं. त्यात बोरघाटाचा चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे मागून जोर द्यायला जादा इंजिनं. त्या बोगद्यांतून दोन थर जाणं शक्यच नाही.

राहिला रिकाम्या कंटेनरचा घोळ. चाकणला आयातीचा माल उतरला की कंटेनर बहुधा रिकामाच उरणच्या यार्डात परत जातो, आणि शेजारच्या कारखान्याच्या निर्यातीसाठी दुसरा रिकामा कंटेनर घाट चढून येतो. चाळीस फुटी रिकामा कंटेनरही पावणेचार टनांच्या आसपास भरतो, डिझेल त्यालाही लागतंच. शहाणपण म्हणून तोच कंटेनर शेजाऱ्याला द्यावा, पण तो शिपिंग कंपनीच्या मालकीचा. शेजाऱ्याने बुकिंग दुसऱ्या कंपनीकडे केलेलं असतं, किंवा त्याला वीस फुटी हवा असतो, किंवा द्राक्षांसाठी शून्य अंशाच्या आसपास तापमान राखणारा रीफर. सगळं जुळलं तरी कंपनीची परवानगी यायच्या आत डिटेन्शनचे, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडाचे, दिवस मोजले जाऊ लागतात, आणि आयातदार दंडाच्या धास्तीने कंटेनर घाटाखाली पाठवून मोकळा होतो.