गुडघ्याचा एसीएल तुटला म्हणजे खेळ संपला?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत कबड्डी खेळताना पोराचा गुडघा फिरला की हमखास ऐकू येतं: चोळून घे, बसेल, नाहीतर खेळ संपला. दोन्ही चूक. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा; तो पूर्ण तुटला की चोळून जुळत नाही. पुन्हा खेळायचं असेल तर बहुधा शस्त्रक्रिया करून मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) वापरून नवा बसवतात. मग निदान नऊ महिने नेटाने व्यायाम. खरी परीक्षा इथेच! अमेरिकन बास्केटबॉलमधला खेळाडू क्ले थॉम्पसन याचा जून २०१९ मध्ये एसीएल तुटला, २०२० मध्ये टाचेची कंडराही. जानेवारी २०२२ मध्ये तो परतला, जूनमध्ये आपल्या वॉरियर्स संघासोबत तिथल्या लीगचा विजेता ठरला. सगळेच असे परतत नाहीत, हेही खरं. पण सूज उतरली म्हणून लगेच मैदानात उतरू नका. तसं केलं तर गुडघ्यातली गादीही (हाडांमधली कूर्चा) फाटू शकते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.