मलेरियावरची तयार प्रतिपिंडे: एका जुन्या कल्पनेचा प्रवास

दुसऱ्याच्या रक्तातली प्रतिपिंडे (अँटीबॉडी, म्हणजे जंतूंना पकडणारी प्रथिने) मलेरियाला आवर घालतात, हे १९६१ मध्येच दिसले होते. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या प्रौढांना वारंवारच्या संसर्गामुळे प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे आजारी मुलांना टोचल्यावर परजीवींची संख्या झपाट्याने घटली. पण त्या मिश्रणातले नेमके काम करणारे प्रतिपिंड कोणते? आणि एवढे रक्त आणायचे कुठून?

१९७५ मध्ये केंब्रिजच्या कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. पाच वर्षांत रूथ नुसेन्झ्वाइग यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने तिच्या आधारे उंदरांना मलेरियापासून वाचवले. त्यांनी नेम धरला होता तो स्पोरोझोइटवर, म्हणजे डासाने टोचलेल्या आणि यकृताकडे निघालेल्या परजीवीवर. पुढे रक्तात त्यांची संख्या अफाट होते. यकृताकडे जाण्याच्या टप्प्यावर मात्र ते मोजकेच असतात. अडवायचे तर इथेच.

तरीही माणसापर्यंत यायला चार दशके गेली. ती प्रतिपिंडे उंदराची होती, आणि माणसाच्या शरीराला ती परकी वाटतात. शिवाय साधे प्रतिपिंड रक्तात सुमारे तीन आठवड्यांत निम्मे उरते. सगळा भर लशीवर राहिला, आणि माझ्या मते तो चुकीचाही नव्हता: त्याच स्पोरोझोइटच्या आवरणातल्या प्रथिनावर बेतलेल्या आरटीएस,एस लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली.

गंमत म्हणजे पुढचे प्रतिपिंडही लशीच्याच कामातून निघाले. लशीच्या चाचणीतल्या एका स्वयंसेवकाच्या रक्तातून अमेरिकी संशोधकांनी सीआयएस४३ वेगळे केले. ते २०१८ मध्ये जाहीर झाले. परजीवीला पकडणारे टोक तसेच ठेवून त्यांनी शेपटीकडची दोन अमिनो आम्ले बदलली. त्यामुळे पेशी हे प्रतिपिंड मोडून न टाकता पुन्हा रक्तात सोडतात. निम्मे व्हायला आता सुमारे ५६ दिवस लागू लागले. पश्चिम आफ्रिकेतल्याच माली देशातल्या प्रौढांमध्ये शिरेवाटे दिलेल्या मोठ्या डोसने २४ आठवड्यांत ८८ टक्के संरक्षण दिले, आणि सुरक्षिततेबाबत काळजीचे काही आढळले नाही.

पण गावोगावी मुलांना सलाइन लावत बसणे व्यवहार्य नाही. म्हणून एल९एलएस हे अधिक प्रभावी प्रतिपिंड आले, जे त्वचेखाली टोचता येते. मालीतल्या ६ ते १० वर्षांच्या मुलांमध्ये ३०० मिलिग्रॅमच्या एका डोसने लक्षणांसह होणारा मलेरिया ७७ टक्क्यांनी घटवला, तोही सहा महिने, म्हणजे तिथला मलेरियाचा हंगाम सरेपर्यंत. या आजाराचे सर्वाधिक बळी मात्र पाच वर्षांखालची मुले आहेत, त्यामुळे चाचण्या आता त्या वयाकडे वळल्या आहेत.