कंप्रता पुनर्वापर

कंप्रता पुनर्वापर : एकच रेडिओ कंप्रता, पुरेसे अंतर राखून, अनेक ठिकाणी एकाच वेळी वापरण्याची पद्धत. मोबाइल जाळ्यांतील वर्णपटाची (वापरास उपलब्ध कंप्रतांच्या पट्ट्यांची) काटकसर मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते.

कल्पनेचे जनकत्व सहसा बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांच्या डिसेंबर १९४७ मधील अंतर्गत टिपणाला दिले जाते. सेवाक्षेत्राचे षट्कोनी कोश (एकेका मनोऱ्याची छोटी क्षेत्रे) पाडण्याच्या मांडणीचे श्रेय मात्र काही लेखक त्यांचे सहकारी डब्ल्यू. आर. यंग यांना देतात. टिपण त्या वेळी छापले गेले नाही, त्यामुळे हा वाद पुढे आठवणींच्या आधारेच चालला. अंतर राखून तीच कंप्रता दुसऱ्याला देण्याचा प्रघात नभोवाणीत याहून जुना आहे. अमेरिकेतील १९२८ च्या फेरवाटपात काही कंप्रता कमी शक्तीच्या अनेक स्थानिक केंद्रांना सामाईक दिल्या होत्या. तेव्हा १९४७ हे पुनर्वापराचे नव्हे, तर कोशीय मांडणीचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक. चालू संभाषण एका कोशातून दुसऱ्यात सोपवण्यासंबंधीचे एमॉस जोएल यांचे पेटंट १९७२ चे आहे.

उपलब्ध कंप्रता ठरावीक संख्येच्या (ही संख्या ‘न’ मानू) कोशांच्या समूहात वाटल्या जातात आणि तोच समूह पुन्हा पुन्हा मांडला जातो. षट्कोनी जाळीत न = प² + पफ + फ² एवढ्याच संख्या (१, ३, ४, ७, ९, १२...) चालतात; येथे प आणि फ हे शून्य किंवा धन पूर्णांक. समान कंप्रतेच्या दोन कोशांतील अंतर कोशाच्या त्रिज्येच्या √(३न) पट असते. न = ७ असता ते सुमारे ४.५८ पट, म्हणजे २ किमी. त्रिज्येच्या कोशांसाठी ९ किमी.हून थोडे अधिक भरते. षट्कोन अर्थात कागदावरचा. प्रत्यक्षात इमारती आणि टेकड्या कोशाला हवा तो आकार देतात. एलटीई या चौथ्या पिढीच्या मोबाइल पद्धतीत न = १ ठेवण्याकडे, म्हणजे प्रत्येक कोशात त्याच कंप्रता वापरण्याकडे, कल असतो, मात्र कोशाच्या कडेला शेजारच्या कोशाच्या उपद्रवाच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते.

मोठे मनोरे आणि लघुकोश (छोट्या क्षेत्राची, कमी शक्तीची केंद्रे) एकत्र असलेल्या मिश्र जाळ्यात हा हिशेब बिघडतो. मोठ्या मनोऱ्याची प्रेषणशक्ती साधारण २० ते ४० वॉट, तर त्याच्या छायेतील लघुकोशाची १ वॉट किंवा त्याहून कमी. मॉलच्या तळमजल्यावर लघुकोशापासून पन्नास पावलांवर उभ्या ग्राहकाच्या हँडसेटलाही दूरच्या मनोऱ्याचाच संदेश बलवान वाटू शकतो. मग लघुकोश रिकामा राहतो आणि मनोरा तुंबतो. उपाय म्हणून हँडसेटची निवड लघुकोशाच्या बाजूने मुद्दाम काही डेसिबेल झुकवतात. अशा ग्राहकाला मनोऱ्याचा उपद्रव होऊ नये यासाठी मनोरा ठरावीक उपचौकटींत (प्रेषणाच्या अगदी छोट्या कालखंडांत) जवळजवळ गप्प राहतो. ही सोय थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकांच्या दहाव्या आवृत्तीत आली. मनोऱ्याने किती वेळ गप्प राहावे याचे एकच उत्तर नाही, ते गर्दीवर ठरते. लघुकोशांना सरळ वेगळा पट्टा देणे सोपे, पण वर्णपट महाग असल्याने क्वचितच परवडते.

भारतात वर्णपटाचा लिलाव परिमंडळनिहाय (दूरसंचार सेवेच्या विभागांनुसार) होतो. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येतो. मुंबई, नवी मुंबई व कल्याण यांचे परिमंडळ वेगळे आहे. एकाच कंपनीकडे दोन्हीकडे निरनिराळे पट्टे असू शकतात, म्हणून सीमेवरील मनोऱ्यांचे नियोजन स्वतंत्रपणे करावे लागते.